तर्रीपासून पेशीपर्यंत : न दिसणारं पटल मोजलं कुणी?

(हे आजच्या भागाचं लिखित रूप आहे. ऐकायला जमलं नाही, किंवा लोकलमध्ये मधेच नेट गेलं, तर खास तुमच्यासाठी.)



आजचा भाग एका मेसेजमुळे झालाय. अकरावीला असलेल्या एका मैत्रिणीने लिहिलंय : "दादा, पेशीपटलाचं चित्र मी दहा वेळा काढलंय. गोल डोक्यांच्या दोन ओळी, मधे शेपट्या, अधूनमधून जाडजूड प्रथिनं. पाठ आहे. पण हे असंच असतं हे कळलं कसं? कुणी आत जाऊन बघितलं का?"

खरं सांगतो, मेसेज वाचून मी थोडा ओशाळलो. हेच चित्र मीही काढलं होतं. बाण काढले, नावं दिली, मार्क मिळाले आणि वही रद्दीत गेली. हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

तर उत्तर आधीच सांगून टाकतो. आत जाऊन कुणी बघितलं नाही. पेशीपटल आधी मोजलं गेलं, दिसलं फार नंतर. आणि गंमत म्हणजे, जेव्हा ते दिसलं, तेव्हा डोळ्यांनी आपल्याला बरीच वर्षं चकवलं. आजची गोष्ट याचीच आहे.

सुरुवात मिसळीपासून करू. समोर मिसळीची वाटी आहे, वर लाल तर्री तरंगतेय. चमच्याने दोन तवंग जवळ आणा. एकमेकांना टेकले की दोन्ही मिळून एकच गोल होतो, मधली रेघ दिसतसुद्धा नाही. हे डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एक चमचा तेल, वीस गुंठे पाणी

साल १७५७. बेंजामिन फ्रँकलिन जहाजाने प्रवास करतोय. हो, तोच, पतंग आणि विजेवाला. ताफ्यातली बाकी जहाजं लाटा उसळवत चाललीत, पण दोन जहाजांच्या मागचं पाणी मात्र गुळगुळीत. त्याने कप्तानाला विचारलं. कप्तान म्हणाला, आचाऱ्यांनी तेलकट खरकटं पाणी बाहेर टाकलं असेल, दुसरं काय! त्याच्या लेखी ही विचारण्यासारखी गोष्टच नव्हती.

फ्रँकलिनच्या मनात मात्र ते राहिलं. पुढे लंडनला असताना तो क्लॅपहॅमच्या एका तळ्यावर गेला आणि त्याने पाण्यावर थोडं तेल ओतलं. चमचाभराहून जास्त नाही. तेल बघता बघता पसरत गेलं आणि जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. हा सगळा प्रकार त्याने लिहून काढला आणि १७७४ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. चमचा ५ मिलिलिटरचा धरू. वीस गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. तेलाच्या घनफळाला क्षेत्रफळाने भागा. जाडी येते सुमारे २.५ नॅनोमीटर. तुमच्या केसाच्या जाडीचा साधारण तीस हजारावा भाग! तेल याहून पातळ पसरू शकत नाही, कारण हा थर जेमतेम एका रेणूइतका जाड आहे.

फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. रेणूचा आकार ही कल्पनाच तेव्हा कुणाकडे नव्हती. आकडा तळ्यावर पसरलेला होता, तो वाचायला शंभरेक वर्षं गेली. आपण मात्र तो लक्षात ठेवू. एक थर, सुमारे २.५ नॅनोमीटर.

धुण्याभांड्यातून निघालेलं यंत्र

आता जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात जाऊ. आग्नेस पोकेल्स, जन्म १८६२ चा. हुशार मुलगी, विज्ञानाची प्रचंड ओढ. पण मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरी आईवडील आजारी, त्यांचं करायला हीच. धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र भौतिकशास्त्र शिकायला गेला. तो पुस्तकं पाठवायचा आणि ती घरकाम उरकून वाचायची.

आणि प्रयोगशाळा? स्वयंपाकघर. भांडी धुताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो, याकडे तिचं लक्ष गेलं असं सांगतात. आपणही रोज कढई घासतो, पण आपण कधी ते मोजायला बसलो नाही. ती बसली, तेव्हा ती विशीच्या आसपास होती.

तिने पत्र्याचं एक लांबट, उथळ पन्हाळ घेतलं. ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद. ते काठोकाठ पाण्याने भरलं आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्याच्या पृष्ठभागाची मोकळी जागा कमी-जास्त करता येते. मग तराजूला एक बारकीशी चकती टांगून ती पाण्यावर टेकवली. चकती पाण्यापासून सुटी करायला किती जोर लागतो, यावरून पृष्ठताण मोजायचा. म्हणजे पाण्याची ती ताणलेल्या कातडीसारखी ओढ.

तिला काय दिसलं? पाण्यावर तेलाचा अगदी सूक्ष्म अंश आहे. पट्टी सरकवत जागा कमी करत जा, बराच वेळ काहीच फरक पडत नाही. आणि मग एका ठरावीक टप्प्यावर पृष्ठताण एकदम घसरायला लागतो. आज आपल्याला कारण माहीत आहे. गणपतीच्या गर्दीसारखं आहे ते. मंडपात जागा असते तोपर्यंत सगळे मोकळे फिरतात, पण खांद्याला खांदा लागला की रेटारेटी सुरू. तेलाचे रेणू जिथे एकमेकांना खेटतात, तोच तो टप्पा. म्हणजे ही बाई पत्र्याच्या पन्हाळीत एका रेणूच्या जाडीचा थर दाबून बघत होती!

जवळपास दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. मग तिला कळलं, की इंग्लंडमध्ये लॉर्ड रेली नावाचे मोठे शास्त्रज्ञ याच विषयावर काम करतायत. जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. सगळे प्रयोग मांडले आणि हेही कळवलं, की आपल्या परिस्थितीत हे कुठल्या शास्त्रीय नियतकालिकात छापणं आपल्याला शक्य नाही.

इथे रेली यांनी जे केलं, ते मला फार आवडतं. ते पत्र दाबून ठेवू शकले असते. यातलं थोडंफार आपल्या नावावर खपवलं असतं, तरी कुणाला कळलं असतं? त्यांनी पत्र पत्नीकडून इंग्रजीत करून घेतलं आणि 'नेचर'च्या संपादकांकडे पाठवलं. सोबत लिहिलं, की घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचे निष्कर्ष काढलेत, हे छापा. मार्च १८९१ मध्ये ते छापून आलं.

पुढे अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी हीच पद्धत आणखी नेमकी केली. १९१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की पाण्यावर मेदाचे रेणू कसेही पडलेले नसतात, ते उभे असतात. पाणी आवडणारं डोकं पाण्यात, पाण्याला घाबरणारी शेपटी वर हवेत. या कामासाठी त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. आणि त्या उपकरणाला जग ओळखतं 'लँगम्यूर ट्रफ' म्हणून.

त्याच १९३२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठाने आग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या. तीन वर्षांनी त्या गेल्या.

कोशिंबीर आणि पेशी

तुम्ही म्हणाल, दादा, तेल झालं, पाणी झालं, पेशी कुठाय? आलोच.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, बरोबर? बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी आकसते. साखरेनेही तेच होतं. अर्न्स्ट ओव्हरटन नावाचा शास्त्रज्ञ १८९० च्या दशकात झुरिकमध्ये वनस्पतींच्या पेशींवर हेच करून बघत होता. साखरेच्या पाण्यात पेशी आकसायची. पण त्याच पाण्यात अल्कोहोल घातलं, तर त्या अल्कोहोलमुळे पेशी आणखी आकसायची नाही. म्हणजे अल्कोहोल बाहेर अडत नव्हतं, सरळ आत शिरत होतं.

त्याने शेकडो रसायनं अशी तपासली आणि एक साधा नियम हाती लागला. जे तेलात सहज विरघळतं, ते पेशीत सहज शिरतं. जे फक्त पाण्यातच विरघळतं, ते बाहेर ताटकळतं. मग पेशीभोवतीचं आवरण कशाचं असणार? मेदाचं! त्याने तर नावंही घेतली. लेसिथिन आणि कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ असावेत, म्हणाला. आवरण न बघता, नुसतं कोण आत जातंय आणि कोण बाहेर राहतंय एवढं बघून.

एक थर नाही, दोन

आता दोन्ही धागे एकत्र येतात. साल १९२५, हॉलंडमधलं लायडन. एव्हर्ट खोर्टर हे लहान मुलांचे डॉक्टर आणि फ्रांस्वा ग्रेंडेल हे त्यांचे सहकारी. त्यांनी घेतलं रक्त. माणसाचं, कुत्र्याचं, सशाचं, शेळीचं, मेंढीचं.

रक्तच का? कारण सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतली पटलंही नसतात. हिमोग्लोबिनने भरलेली पिशवीच म्हणा. म्हणजे तिच्यातून जेवढा मेद निघेल, तो सगळा बाहेरच्या आवरणाचा.

मग हिशोब मांडला. पेशी किती आहेत ते मोजलं. प्रत्येकीचं क्षेत्रफळ काढलं. ॲसिटोनने मेद वेगळा केला आणि तो पाण्यावर एका रेणूच्या थरात पसरवला. त्याच पद्धतीने, जिची सुरुवात ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरात झाली होती.

पाण्यावरच्या थराचं क्षेत्रफळ निघालं पेशींच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट!

म्हणजे आवरणात मेदाचे दोन थर आहेत. डोकी बाहेर आणि आत, दोन्हीकडच्या पाण्याला लागून. शेपट्या मधे, पाण्यापासून लपलेल्या. तळ्यावरच्या एका थराचे २.५ नॅनोमीटर होते ना? दुप्पट करा. ५. पेशीपटलाच्या मेदाची जाडी आज मोजली तर ४ ते ५ नॅनोमीटर भरते. अकरावीच्या चित्रातल्या दोन ओळी इथून आल्यात.

पण आता खरी गोम ऐका. १९६६ मध्ये हा प्रयोग पुन्हा काटेकोरपणे केला गेला आणि दिसलं, की खोर्टर-ग्रेंडेल दोन ठिकाणी चुकले होते. ॲसिटोनने सगळा मेद निघतच नाही, बराच मागे राहतो. आणि त्यांनी पेशी वाळवून मोजल्या होत्या. वाळलेली पेशी खऱ्या पेशीपेक्षा लहान भरते. मेदही कमी, क्षेत्रफळही कमी. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर आलं बरोबर.

गणितात असं झालं की आपण म्हणतो, नशीब! पण मला इथे वेगळंच वाटतं. उत्तर बरोबर होतं, पुस्तकांत छापलेलं होतं, तरीही चाळीस वर्षांनी कुणीतरी त्या पायऱ्या पुन्हा तपासल्या. पायरी तपासायचीच, मग उत्तर जुळत असो वा नसो.

दिसलं, आणि फसगत झाली

१९३५ मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसन या दोघांनी एक नवं चित्र मांडलं. तेल-पाण्याच्या सीमेवर जेवढा पृष्ठताण असतो, त्यापेक्षा पेशींचा खूपच कमी भरत होता. नुसत्या मेदाने हे कसं होईल? मग त्यांनी सुचवलं, की मेदाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचं अस्तर असावं. सँडविचसारखं. पाव म्हणजे प्रथिनं, मधलं सारण म्हणजे मेद.

मग आला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. १९५० च्या दशकाच्या शेवटी जे. डेव्हिड रॉबर्टसन यांना पेशीपटल प्रत्यक्ष दिसलं. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन काळ्या रेघा, मधे फिकट पट्टा. झालं! वरची काळी रेघ प्रथिनं, मधे मेद, खाली पुन्हा प्रथिनं. सँडविच डोळ्यांनी बघितलं. रॉबर्टसन म्हणाले, जिथे जिथे पटल आहे, तिथे रचना हीच.

आणि नेमकं इथेच चुकलं. त्या मायक्रोस्कोपखाली नमुना ठेवायचा तर त्यावर जड धातूंची रसायनं लावावी लागतात. काळं दिसतं ते ही रसायनं जिथे चिकटतात तिथे. काळी रेघ म्हणजे प्रथिनांची सलग चादर, हा आपण लावलेला अर्थ होता. फोटो खोटा नव्हता, त्याखालची ओळ चुकीची होती. व्हॉट्सॲपवर फिरणारे खरे फोटो आणि त्यांच्यासोबतचा चुकीचा मजकूर आठवतोय ना? तसंच काहीसं.

शंका येत गेल्या. सगळीकडे एकच सँडविच असेल, तर प्रथिनांचं प्रमाणही सारखं हवं. पण मज्जातंतूंवरच्या आवरणात प्रथिनं वजनाने जेमतेम पाचवा हिस्सा आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात तब्बल तीन चतुर्थांश. मग डॅनिएल ब्रँटन यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की गोठवलेल्या पेशी फोडल्या तर पटल बरोबर मधोमध उकलतं, शेंगदाण्याच्या दोन पाकळ्यांसारखं. आणि अशा उकललेल्या पृष्ठभागांवर दिसतात छोटे छोटे उंचवटे. हे उंचवटे प्रथिनांचे निघाले. म्हणजे प्रथिनं फक्त वरून लावलेली नव्हती, आरपार रुतलेली होती.

आता तर्री आठवा

१९७० मध्ये लॅरी फ्राय आणि मायकेल एडिडिन यांनी जो प्रयोग केला, तो माझा सगळ्यात आवडता. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एका विषाणूच्या मदतीने एकमेकींत मिसळवली. तवंगांसारखी, दोघींची मिळून एकच पेशी. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना चमकणारे वेगवेगळे रंग लावले, एकीला हिरवा, दुसरीला लाल.

सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, साधारण ४० मिनिटांनी बघितलं, तर दोन्ही रंग सगळीकडे पसरलेले. थंडीत ठेवली तर रंग जागच्या जागी.

म्हणजे पेशीपटल ही भिंत नाहीच, ते पातळ आहे, वाहतंय. प्रथिनं त्यात तरंगतात. मेदाचा एकेक रेणू शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा जागा बदलतो. पण एका थरातून दुसऱ्या थरात आपण होऊन क्वचितच उडी मारतो, कारण त्यासाठी पाणी आवडणारं डोकं मधल्या तेलकट भागातून न्यावं लागतं.

१९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी हे सगळं एका चित्रात बसवलं. प्रवाही मोझेक. तुमच्या पुस्तकातलं ते हेच.

वाहतेपणाही पेशीच्या हातात असतो. हिवाळ्यात तूप थिजतं, पण शेंगदाण्याचं तेल थिजत नाही. तुपातल्या बऱ्याच मेदाम्लांच्या शेपट्या सरळ, त्यामुळे त्या दाटीने बसतात. तेलातल्या बऱ्याचशा वाकड्या, त्यामुळे जागा सैल राहते. थंडी वाढली की कितीतरी जीवाणू आपल्या पटलात वाकड्या शेपट्या वाढवतात, म्हणजे पटल थिजत नाही.

आणि हे चित्रही शेवटचं नाही. पाण्याचे रेणू एवढ्या वेगाने पेशीत कसे जातात, हे कोडं बरीच वर्षं होतं. १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांच्या गटाने दाखवलं, की त्यासाठी प्रथिनांची खास नळी असते. ती कुठे सापडली होती? पुन्हा तांबड्या पेशीतच! २००३ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं.

जाता जाता

तर अकरावीतल्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. एकाने तळ्यावर तेल ओतलं. एकीने पत्र्याच्या पन्हाळीत पाणी मोजलं. एकाने पेशी आकसते की नाही एवढंच बघितलं. दोघांनी चुकत चुकत बरोबर हिशोब केला. आणि ज्यांना प्रत्यक्ष दिसलं, ते त्या दिसण्यातच फसले. त्या चित्रातल्या प्रत्येक गोळ्यामागे आणि शेपटीमागे कुणाचा तरी असा हिशोब आहे. पुढच्या वेळी ते चित्र काढशील तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आग्नेस पोकेल्स' लिही. मार्क मिळणार नाहीत, पण लिही.

आणि तुम्हा सगळ्यांसाठी आज रात्रीचा गृहपाठ. ताटात स्वच्छ पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा आणि मधोमध भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टेकवा. मिरपूड कशी पळते ते बघा. साबणाच्या रेणूलाही पाणी आवडणारं डोकं आणि पाण्याला घाबरणारी शेपटी असते. कोविडमध्ये आपण वीस सेकंद हात धुवायचो ते याचसाठी. विषाणूचं आवरणही मेदाच्या अशाच दोन थरांचं, त्यात साबणाच्या शेपट्या घुसतात आणि ते फाटतं.

व्हिडिओ काढलात तर नक्की पाठवा. आणि असले "हे कळलं कसं?" वाले प्रश्न असतील, तर ते आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!